मालेनाची कैफियत

चित्रपट पाहून उठलेल्या माणसास ‘कसा वाटला?’ असे विचारणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याची प्रारंभी अशी एक भाबडी समजूत असते की, समोरचा मनुष्य जे सांगतो ते चित्रपटाविषयी सांगतो. ही समजूत मी पुण्याहून घेऊन आलो होतो. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’चे एकेक दृश्य सुटे करून, धान्य निवडावे तसे निवडून दाखवण्याची जी अध्यापनपद्धती पुण्यात रुजवली, तिच्या छायेत वाढलेल्या आम्हां रसास्वादाच्या विद्यार्थ्यांना चित्रचौकट, छायाप्रकाश, ध्वनी आणि संकलन या चार खांबांपलीकडे प्रेक्षक नावाचा पाचवा खांब असतो, हे ऐकून ठाऊक होते, परंतु तो खांब हलतो, बोलतो, रागावतो, आणि प्रसंगी मांडवच खाली आणतो, याचा प्रत्यय यावयास मला महागावास परतावे लागले.

महागाव हे यवतमाळ जिल्ह्यातील, नागपूर-तुळजापूर हमरस्त्यावरील तालुक्याचे गाव. एका अंगास पुसद, दुसऱ्या अंगास उमरखेड, आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. येथील वऱ्हाडी बोलीत नदीपलीकडची मराठवाडी लकब बेमालूम मिसळते, आणि तांड्यांवरची गोरमाटी कानी पडत नाही असा बाजारचा दिवस जात नाही. उन्हाळ्यात, शेतातील पऱ्हाट्या उपटून झाल्या आणि संध्याकाळी माणसे ओट्यावर रिकामी बसू लागली, की एखादी पांढरी चादर ताणून परदेशी चित्रपट दाखवावेत आणि त्यांचा अर्थ चादरीशेजारी उभे राहून मोठ्याने सांगावा, असा उपक्रम मी काही वर्षे चालवला. मूकपटांच्या काळी पडद्यावरच्या पाट्या निरक्षर प्रेक्षकांसाठी मोठ्याने वाचून दाखवणारी माणसे असत. त्यांच्याच वंशातला मी एक उशिरा जन्मलेला मनुष्य, असे मी स्वतःस समजत आलो आहे. त्यांपैकी एका उन्हाळ्यात मी ज्युसेप्पे तोर्नातोरे यांचा ‘मालेना’ निवडला, आणि तो फक्त प्रौढांसाठी असल्याचे आधीच बजावून सांगितले. बायकांनी आपला खेळ निराळा हवा म्हणून निरोप धाडला. तेव्हा पहिल्या संध्याकाळी पुरुष आणि दुसऱ्या संध्याकाळी स्त्रिया, अशी वाटणी झाली.

चित्रपट इ. स. २००० मधला. कथाबीज लुचानो विंचेन्झोनी यांचे, छायालेखन हंगेरीच्या लायोश कोल्ताई यांचे, संगीत एन्यो मोरिकोने यांचे. या शेवटच्या दोघांच्या कामास ऑस्करची नामांकनेही मिळाली. सिसिलीतील कास्तेलकुतो या कल्पित गावी १० जून १९४० रोजी, म्हणजे मुसोलिनीने इटलीस युद्धात लोटल्याची घोषणा ध्वनिक्षेपकांतून घुमते त्याच दिवशी, रेनातो नावाच्या साडेबारा वर्षांच्या पोरास त्याची पहिली सायकल मिळते, आणि त्याच दिवशी समुद्रकाठच्या बांधावर ओळीने बसलेल्या थोराड पोरांच्या रांगेतून तो गावातील सर्वांत देखण्या स्त्रीस, मालेनास, प्रथम पाहतो. तिचा नवरा नीनो आघाडीवर गेलेला आहे. बाप लॅटिनचा शिक्षक असून कानाने बहिरा आहे. पुढे नवऱ्याच्या मृत्यूची बातमी येते, बापास निनावी चिठ्ठी जाते आणि तो लेकीचे तोंड पाहीनासा होतो, कोर्टात अब्रूचा पंचनामा होतो, बाँबहल्ल्यात बाप मरतो, भाकरीसाठी दार उघडावे लागते, जर्मन सैनिक येतात. आणि अमेरिकन फौजा गावात शिरतात त्याच दिवशी गावच्या बायका तिला भर चौकात ओढून मारतात, तिचे केस कापतात, आणि पुरुष उभे राहून पाहतात. ती आगगाडीने निघून जाते. त्यानंतर, मेला म्हणून ज्याची नोंद झाली होती तो नीनो एक हात गमावून परततो. त्याच्या घरात विस्थापितांनी बिऱ्हाड थाटलेले असते. गावात त्यास कोणी काही सांगत नाही. सांगतो तो रेनातो, एका चिठ्ठीने. वर्षभराने दोघे नवराबायको हातात हात घालून त्याच चौकातून चालत जातात.

इतालियन चित्रपटास लहान मुलाच्या डोळ्यांतून पाहण्याची खोड जुनीच. दे सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्‌ज’मधला ब्रुनो बापाची मानहानी पाहतो, ‘शू-शाइन’मधली पोरे तुरुंग पाहतात, रॉस्सेलिनीचा एडमुंड तर बर्लिनचे ढिगारेच पाहतो. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत आपल्या देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि त्यात इतालियन नववास्तववादी चित्रपटांचे दर्शन झाले, त्यानंतर वर्षभराने बिमल रॉय यांचा ‘दो बीघा ज़मीन’ आला. त्यातही बापाचा हात धरून शहरात हिंडणारा एक मुलगा आहे. हे सर्व मी पुरुषांच्या खेळाआधी पंधरा मिनिटे सांगितले. श्रोत्यांनी ते सोशिकपणे ऐकून घेतले, आणि मग एकाने विचारले, ‘सर, आता लावता का?’

एक गोष्ट मात्र त्यांनी कान टवकारून ऐकली. सिसिलीवर दोस्तांच्या फौजा उतरल्या त्या १० जुलै १९४३ रोजी. त्यानंतर बरोबर एक वर्षाने, १० जुलै १९४४ रोजी, त्याच इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी तोच सन्मान जिवंतपणी मिळवला. मोंतोने गावी घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ साली छायाघड्याळ उभारले गेले आहे. ‘म्हंजे आपले लोक तिथं लढून राह्यले होते,’ एक म्हातारा म्हणाला, आणि त्याने सिसिली एकदम नांदेडइतकी जवळ आणून ठेवली. त्यापुढचे त्याचे वाक्य मी विसरलो नाही: ‘मंग त्यायच्या बायका इकडं कशा राह्यल्या, हे कोनं पायलं?’

पुरुषांची मते नोंदवण्याचे काम तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या एका कारकुनाने आपण होऊन पत्करले, आणि मुरलेल्या हाताच्या सवयीने वहीवर शीर्षक घातले ते ‘अभिप्राय’ असे न घालता ‘जबानी’ असे घातले. त्या वेळी मी हसलो. वही पुढे वाचली तेव्हा हसू ओसरले. एका निवृत्त शिक्षकांनी चित्रपट अश्लील ठरवला, परंतु तो ठरवताना त्यांनी मालेना कोणकोणत्या पोशाखात किती वेळा चौकातून गेली याचा जो बिनचूक हिशेब दिला, तो माझ्यासारख्या अभ्यासकासही देता आला नसता. कोर्टातल्या वकिलाने तिला निर्दोष सोडवून नंतर फी वसूल केली त्या प्रसंगी एकजण म्हणाला, ‘वकीलच तो’, आणि सभा खळखळून हसली. माझ्या मते त्या संध्याकाळचे हे एकच खोटे हसू होते. पस्तिशीच्या एका ट्रॅक्टरचालकास मुलाचाच राग आला. ‘साऱ्या पिच्चरभर तिच्या मागं फिरला, अन् मार बसला तवा काहून गप्प उभा राह्यला?’ यावर बाकीचे बराच वेळ बोलले नाहीत. चौकातला तो मार ज्यांना सोसवला नाही त्यांनी गाव वाईट म्हटले, ज्यांना सोसवला त्यांनी युद्ध वाईट म्हटले. आणि युद्धास दोष देण्यात एक मोठी सोय अशी असते की, युद्ध कोणाच्याही शेजारी राहत नाही.

आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. दोनतीन प्रसंगी संकोचाने मी प्रक्षेपकाच्या भिंगापुढे तळहात धरला. पुरुषांत तेव्हा हुंकार उठले, ते अपेक्षितच होते. दुसऱ्या संध्याकाळी मी तसाच हात धरला, तो मागच्या रांगेतून आवाज आला, ‘हात काढा भाऊ. आमी लेकुरवाळ्या हाओत. जे तिच्यावर बेतलं ते आमाले पाहू द्या.’ मी हात काढला, आणि त्यानंतर आजवर कोणत्याही चित्रपटापुढे तो धरलेला नाही.

बायकांचा खेळ हा निराळाच चित्रपट होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ज्या सौंदर्यावर जगभरचे टीकाकार, मालेना साकारणाऱ्या मोनिका बेलुचीचे नाव घेऊन, अनुकूल वा प्रतिकूल शाई खर्चीत आले, त्याचा या बायकांनी एका वाक्यात निकाल लावला (‘देखनी हाये, त काय करंन आता?’), आणि त्या मुद्द्याकडे पुन्हा वळून पाहिले नाही. त्यांचे लक्ष होते ते कागदांवर. नवरा मेल्याची बातमी आली तेव्हा पेन्शन कोणाच्या नावे लागली. बाप मेल्यावर त्याचे घर कोणाचे झाले. नीनो परतला तेव्हा त्याच्या घरात परके लोक कोणत्या हुकमाने राहत होते, आणि घराच्या उताऱ्यावर नाव कोणाचे होते. हे प्रश्न मला प्रथम हास्यास्पद वाटले आणि क्षणभराने शरम वाटली. कारण हा तोच तालुका, ज्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी बायकोमुलांसह जीवनयात्रा संपवली, आणि ज्यांच्या स्मरणार्थ आजही त्या दिवशी ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. आणि हा तोच जिल्हा, जेथे शेतकरी नवऱ्याच्या मागे राहिलेल्या बाईस प्रथम ‘पात्र’ की ‘अपात्र’ या दोन शब्दांमध्ये उभे राहावे लागते. पात्र ठरली तर २००५ सालापासून एक लाख रुपये मिळतात, त्यांपैकी तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत; अपात्र ठरली तर मेलेला मनुष्य शेतकरी म्हणून मेला नाही एवढेच सिद्ध होते. आपल्या वाङ्‌मयीन जगास ही बाई दिसली ती जानेवारी २०१९ मध्ये, यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन आयत्या वेळी अशाच एका बाईच्या, वैशाली येडे यांच्या हस्ते झाले तेव्हा. आमच्या बायकांना ती रोजच दिसते. मालेना ही त्यांच्या लेखी देखणी बाई नव्हती. ती एकटी बाई होती, आणि तिचे देखणेपण हा गावाने तिच्यावर दाखल केलेला पहिला गुन्हा होता.

निनावी चिठ्ठीचा प्रसंग आला तेव्हा सभेत हालचाल झाली. ‘बापानं चिठ्ठीवर भरोसा ठेवला, पोरीवर नाही ठेवला,’ एक पोक्त बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, ‘बहिरा हाये ना बिचारा.’ त्यावर पहिलीने जे उत्तर दिले ते कोणत्याही रसास्वाद-ग्रंथात घालण्याजोगे आहे: ‘बहिऱ्यालेच चिठ्ठी धाडतेत. ज्याले ऐकू येते तो विचारंन.’ दिग्दर्शकाने बापास बहिरा का केला, यावर मी स्वतः काही वर्षे व्याख्याने दिली होती. त्यांत विनोदनिर्मिती, लॅटिन या मृत भाषेचे प्रतीक वगैरे विद्वत्तापूर्ण मुद्दे होते. ती व्याख्याने मी त्या रात्री मनोमन रद्द केली.

मारहाणीच्या प्रसंगाविषयी मला धास्ती होती, कारण मारणाऱ्या बायकाच होत्या. पडद्यावरच्या बायकांना एकीनेही शिवी दिली नाही. बराच वेळ शांतता राहिली, आणि मग त्याच पोक्त बाईने विचारले, ‘ह्या मारून राह्यल्या ते दिसलं. पन यायचे नवरे कुठी हायेत, ते दाखवा ना.’ मी चित्रफीत मागे नेली आणि थांबवली. नवरे तेथेच होते: कडेला, सावलीत, हात खिशात घालून. हे सर्व मी दहा वेळा पाहिले होते. पण मधोमध लोळणाऱ्या मालेनावरून दृष्टी काढून कडेला न्यावी हे सुचले नव्हते. छायालेखकाने ते माणूस न माणूस टिपले होते.

आता शेवटच्या बाजाराविषयी, जेथे माझी खरी फजिती झाली. परत आलेली मालेना बाजारात जाते. ज्यांनी तिला मारले त्याच बायका क्षणभर गोंधळतात, आणि मग एकजण तिला सन्मानाने अभिवादन करते, आणि मालेना एका शब्दात उत्तर देते. मूळ संवाद दोनतीन शब्दांचा, परंतु त्यातला ‘सिन्योरा’ हा शब्द म्हणजे परत मिळालेले सगळे गावच. या शब्दास मराठी काय द्यावे? ‘श्रीमती’ म्हणावे तर आपल्याकडे ती विधवेच्या नावामागे लावण्याची रूढी पडून गेली आहे, म्हणजे नवरा हयात असता तो अपशकुन. ‘बाईसाहेब’ मध्ये हुद्द्याचा वास, ‘वहिनी’ मध्ये नसलेली जवळीक, नुसत्या ‘बाई’ मध्ये सुराप्रमाणे मान किंवा अपमान, दोन्ही. पुरुषांच्या खेळाला मी ‘नमस्कार वहिनी’ म्हणून वेळ मारून नेली होती. बायकांपुढे मी ‘रामराम बाई’ म्हणालो, आणि एकदम चारपाच आवाज उठले. ‘आता कायले रामराम?’ एक म्हणाली. दुसरी म्हणाली, ‘नाही वं, रामराम घालतात तवाच गावात राहता येते.’ तिसरीचे म्हणणे असे की, हा मान मालेनाचा नव्हेच. नवरा परतला आहे म्हणून नवऱ्याच्या उरलेल्या एका हाताला घातलेला तो रामराम आहे. आणि चौथी, जी त्यांत सर्वांत तरुण होती, म्हणाली, ‘पन तिनं उत्तर काहून दिलं?’

या प्रश्नावर वाद पाऊण तास चालला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवांच्या कुंकू-बांगड्या उतरवण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याचा उल्लेखही त्यात कोणीतरी केला, आणि ‘ठराव कागदावर, चौक चौकात’ असे त्याला तत्काळ उत्तरही मिळाले. क्षमा, व्यवहार, थकवा, की घरी परतायचे म्हणून भरावा लागलेला दंड: मालेनाच्या त्या एका शब्दास इतके अर्थ एकाच संध्याकाळी मी कोठेही ऐकलेले नाहीत.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर चित्रपटात एक खोट आहे आणि तिचे नाव मालेनाचे मौन असे आहे. नायिकेस संपूर्ण चित्रपटात मोजकीच वाक्ये आहेत. निवेदन सारे त्या मुलाचे, प्रौढ झालेल्या मुलाचे. अमेरिकेत वितरित झालेली प्रत सुमारे ९२ मिनिटांची असून मूळ इतालियन प्रत १०९ मिनिटांची आहे, त्यामुळे जगातील प्रेक्षकांचे अर्धे भांडण वस्तुतः दोन निराळ्या चित्रपटांविषयीचे आहे. परंतु लांब प्रत पाहिली तरी मौन तेवढेच राहते. समर्थक म्हणतात की, मुलगा जेवढे पाहतो तेवढेच आपण पाहावे हाच हेतू आहे. मान्य, तथापि खिडकीच्या फटीतून पाहणाऱ्याच्या खांद्यावरून आपणही तासभर पाहत राहिलो याची दिग्दर्शक आपल्याला शरम वाटू देत नाही, उलट मोरिकोनेच्या सुरावटीत ती विरघळवून टाकतो. आपल्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तला (२०१३) जब्याही एका मुलीकडे दुरून पाहत राहणारा पोरच, परंतु तेथे डुकरामागे धावणाऱ्या त्याच्या कुटुंबास कुंपणाकडेने पाहून हसणारे गाव आहे, आणि अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्यावर येतो. ‘मालेना’त आपल्यावर कोणी दगड मारीत नाही. तिच्या हातून सांडलेली फळे रेनातो गोळा करून देतो, दोन शब्द शुभेच्छेचे बोलतो, आणि आपण त्याच्याबरोबर सुटतो. (ती फळे संत्री की मोसंबी यावरही बायकांचे एकमत झाले नाही, विदर्भात असला प्रश्न कोणी हलक्यात घेत नाही.)

खेळ संपल्यावर सतरंज्या गुंडाळल्या जात असता ती सर्वांत तरुण बाई पुढे आली. कडेवरचे मूल झोपले होते. ती म्हणाली, ‘भाऊ, हे परत एकदा लावान काय? पन त्या पोराचं नका सांगू आता. तिचं सांगा.’ मी म्हटले, तिचे मला ठाऊक नाही, चित्रपटात ते नाही. ती म्हणाली, ‘मंग तुमी बसा. आमी सांगतो.’

पुढच्या आठवड्यात आम्ही आवाज बंद करून चित्रपट पुन्हा लावला. मी मागे, कारकुनाची वही मांडीवर घेऊन बसलो. पडद्यावर रणरणते ऊन, समुद्राकडेचा रस्ता, बांधावर ओळीने बसलेली पोरे, आणि दुरून येणारी, जमिनीकडे पाहत चालणारी मालेना. कोणी सुरुवात करावी याविषयी थोडी कुजबुज झाली. मग काळोखातून एक आवाज, तिच्या चालीच्या ठेक्यावर, सावकाश बोलू लागला: ‘बाप्पा, काय ऊन हाये. अन् हे सारे इथं कायले बसले असतीन? यायले कामधंदे नाहीत का?’

मी वहीत तारीख घातली आणि लिहू लागलो.